आप्पांच्या कामाविषयी काकूंना पत्र

पर्थ, ऑस्ट्रेलिया

ती. काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र मिळाले. आप्पांच्या वर्षश्राद्धाला मला येता येणार नाही, हे फोनवर कळवलेच आहे. थोरल्या दादाचा मुलगा बारावीनंतर आप्पांसारखा खोदाईच्या मशीनवर जायचे म्हणतो, आणि "आजोबांनी त्यात काय कमावले?" असे म्हणून घरातले सगळे त्याला अडवत आहेत, असे आपण लिहिता. आपण माझे मत विचारले म्हणून सविस्तर लिहितो.

१९७२च्या दुष्काळात सिन्नरच्या पूर्व पट्ट्यातली जी पोरे खडी फोडायला गेली, त्यांत आप्पा होते. इगतपुरीकडे धो धो कोसळणारा पाऊस त्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत संपून जातो, आणि त्या वर्षी तर तो आलाच नाही. मदतीत मिळणारी सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाऊन लोकांनी घमेल्यांनी माती वाहिली. पुढे कालव्याच्या कामावर बुलडोझर आला, तेव्हा आप्पा त्यावर क्लीनर म्हणून लागले. ग्रीस मारायचे, डिझेल गाळून भरायचे, आणि ऑपरेटर जेवायला बसला की दांड्यांना हात लावून पाहायचा, एवढेच त्यांचे शिक्षण. बुलडोझरवरून ते पोकलेनवर गेले आणि उतारवयात जेसीबीवर आले. मधल्या वर्षांत त्यांनी कोणाकोणाच्या मशीन चालवल्या, त्याचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. मालक बदलत गेले, काम तेच राहिले.

त्यांचा हात खरा दिसे तो शेततळ्यावर. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार त्यांच्यासाठी आठ-आठ दिवस थांबत, ते उगाच नव्हे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळे तिरप्या बाजू धरून खोदले, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. खड्डा कोणीही खोदतो. कस लागतो तो बाजूंच्या उताराला. तळाला अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि उतारात एक टोकदार दगड राहिला तरी पाण्याच्या वजनाने तो तिथेच फाटतो. म्हणून आप्पा खोदाई झाल्यावर बकेट उलटी करून तिच्या पाठीने, भाकरी थापावी तसा, सगळा उतार थापून घेत; मग खाली उतरून हाताने खडे वेचत, आणि शेतकऱ्याच्या घरच्यांनाही वेचायला लावत. चारही बांधांची पातळी ते पारदर्शक नळीत पाणी भरून तपासत. कागदाची कड पुरण्यासाठी वर जी चारी घ्यावी लागते, ती बांधाच्या काठापासून नेमकी किती आत घ्यायची, यावर त्यांनी एका इंजिनिअरशी घातलेला वाद मी स्वतः ऐकला आहे. (वाद आप्पांनी जिंकला, पण बिलावर सही इंजिनिअरची झाली.)

२०१५ नंतर सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेची कामे गावोगाव निघाली, तेव्हाचा एक प्रसंग आपल्याला आठवत असेल. नाला खोल करायचे काम तासावर होते, त्यामुळे मीटर जितका फिरेल तितका ठेकेदाराचा फायदा. गाळ निघाला, खाली मुरूम लागला, आणि आप्पांनी मशीन बंद केली. त्यांचे म्हणणे एवढेच होते की गाळ काढल्याने पाणी मुरते, पण पाणी धरून ठेवणारा मुरूमच उकरला, तर काठच्या विहिरींतले पाणी नाल्यात उतरेल आणि वाहून जाईल. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी दुसरा ऑपरेटर बसवला. आप्पा पंधरा दिवस घरी होते, आणि त्या पंधरा दिवसांबद्दल आपण त्यांना काय काय बोललात, ते मी लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. खोदाईचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, त्यामुळे घरातल्या एकाही लग्नाच्या फोटोत आप्पा नाहीत. पावसाळ्यात मशीन उभी, म्हणजे भत्ता बंद. हायड्रॉलिकचा पाइप फुटून गरम तेलाने भाजलेला त्यांचा हात, सीटच्या हादऱ्यांनी गेलेली कंबर आणि इंजिनाने बधिर केलेले कान हे आपण रोज पाहिले. इथल्या लोखंडाच्या खाणींत मी मशीनच्या देखभालीचे काम करतो. इथे ऑपरेटरला हवेवर तोललेली सीट आणि बंद केबिन मिळते, कानाला संरक्षण नसेल तर कामावर उभे करत नाहीत, आणि काही खाणींतले डंपर तर चालकाशिवाय, दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थमधून चालवले जातात. सिन्नरच्या बांधावर तसे काही येत्या काळात होईल असे मला वाटत नाही. तिथे मुरूम कुठे संपतो आणि कातळ कुठे लागतो, हे दांडीवरच्या हातालाच कळावे लागते.

म्हणून माझे मत असे, की त्याला जाऊ द्यावे, पण आप्पा गेले तसे नव्हे. आधी रीतसर प्रशिक्षण आणि लायसन्स घ्यावे. मग पांढुर्लीला आप्पांच्या हाताखाली तयार झालेल्या ऑपरेटरची आता स्वतःची मशीन आहे, त्यांच्याकडे वर्षभर हेल्परी करावी. पगार, भत्ता आणि पावसाळ्यातले अर्धे वेतन हे पहिल्या दिवशीच कागदावर घ्यावे. कानाचे संरक्षण आणि कमरेचा पट्टा मी इकडून पाठवतो.

शेवटच्या हंगामाचे पैसे मालकाने अजून दिले नसतील, तर दादाने आप्पांची तासांची वही घेऊन जावे. मालकाच्या मीटरवर विसंबून न राहता ते रोजचे तास आणि डिझेल स्वतः लिहून ठेवत. वही बहुधा देव्हाऱ्याखालच्या फळीवर, लाइट बिलांच्या पिशवीत असेल. सापडली की आधी तिच्या पानांचे फोटो मला पाठवा, मग ती बाहेर द्या.

घरी सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला पुतण्या