उमेद व्याख्यानांनी टिकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी. करणाऱ्या मुलांची उमेद तिसऱ्या-चौथ्या वर्षी ढासळते, म्हणून हल्ली विद्यापीठांतून प्रेरणादायी व्याख्यानं ठेवतात. वक्ता बहुधा कुठल्या तरी कंपनीतला. टाळ्या पडतात, चहा-समोसा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा त्याच अडलेल्या प्रकरणापाशी. संस्कृत शिकवण्यात हयात गेली म्हणून लिहितोय. उमेद कशाने टिकते याचे दाखले हवेत तर पुण्याबाहेर जायची गरज नाही.

भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवण्याचं काम १९१९ साली हाती घेतलं, ते पुरं झालं १९६६ मध्ये. वि. स. सुखटणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले आणि १९४३ मध्ये गेले. रोजचं काम कसलं, तर कागदावर चौकोन आखायचे, वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर मांडायचं आणि प्रत्येक पोथीतला पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. पोथ्या शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. वर्षानुवर्षं हेच. नुसत्या ध्येयवेडावर माणूस असं किती दिवस करील? सुखटणकरांनी आदिपर्व संपायची वाट पाहिली नाही. १९२७ पासून ते भागाभागाने छापायला घेतलं, पर्व पुरं झालं १९३३ मध्ये. मधल्या काळात देशोदेशीच्या पंडितांनी ते भाग वाचले, काहींनी कडक टीका केली आणि सुखटणकरांनी लेख लिहून तिला उत्तरं दिली. आपलं काम कुणीतरी बारकाईने वाचतंय, भांडण्याइतकं वाचतंय, याचाच त्यांना हुरूप येत असावा असं मला वाटतं.

दुसरा दाखला डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाचा. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभ केला. सुमारे दीड हजार ग्रंथ, त्यांतले शब्दांचे वापर टिपलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या. पहिला भाग यायला १९७६ उजाडलं. ‘अजून अ वरच का?’ असं हसणाऱ्यांनी एकदा एकाच शब्दाच्या चिठ्ठ्यांची चळत पुढ्यात घ्यावी. ऋग्वेदापासून काळाच्या क्रमाने लावावी, अर्थ नेमका कुठे वळला ते ठरवावं. कोशात रमलेली माणसं पूर्ण कोशाकडे बघून नव्हे, हातातला शब्द निकालात काढूनच टिकतात.

आमच्या मुलांना यातलं काय मिळतं? प्रकरण मार्गदर्शकाच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहतं. प्रबंध शेवटी परीक्षक वाचतात, बाकी कुणी नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती इतकी रखडली की ती दिवसभर क्लासमध्ये शिकवायची आणि सुटेपर्यंत ग्रंथालय बंद झालेलं असायचं. तिला कुणी चिकाटीवर प्रवचन दिलं असतं तर मीच उठून गेलो असतो. (नंतर तिने संशोधन सोडलं. बँकेत आहे, मजेत आहे.)

विद्यापीठांनी शिष्यवृत्ती ठरल्या तारखेला द्यावी, मार्गदर्शकाने प्रकरण पंधरा दिवसांत वाचून परत करण्याचा नियम करावा आणि प्रेरणादायी वक्त्याच्या मानधनाचे पैसे मुलांना पोथ्यांच्या छायाप्रती मागवायला द्यावेत. वक्ता रागावणार नाही, त्याला कंपन्या आहेतच.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे