कोठडीच्या रात्रपाळीला प्रशिक्षण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस कोठडीत कोणी दगावले की सारी चर्चा मारहाणीभोवती फिरते, आणि ते योग्यच आहे. २०१७ साली सांगलीत कोठडीतील तरुणाला मारून त्याचा मृतदेह आंबोलीत जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली होती. परंतु कोणी हातही न उगारता, केवळ धोक्याची लक्षणे ओळखता न आल्यामुळे होणारे मृत्यू वेगळे असतात आणि ते बहुतांशी टाळता येतात. शासकीय रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम केलेला डॉक्टर म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

तोंडाला दारूचा वास येतो म्हणून ‘उतरेल सकाळपर्यंत’ असे समजून झोपू दिलेल्या माणसाच्या कवटीत रक्तस्राव होत असू शकतो. असा माणूस आधी नीट बोलतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. तेव्हाचे त्याचे घोरणे पहारेकऱ्याला गाढ झोपेचे वाटते. रक्तातील साखर उतरलेला मधुमेहीही झिंगल्यासारखाच बरळतो. रोज पिणाऱ्याची दारू अटकेमुळे अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास व झटके सुरू होतात, आणि त्यालाच ‘नाटक करतोय’ म्हटले जाते. झटापटीत पालथे पाडून पाठीवर भार दिल्यास श्वास कोंडतो. गळफासाला तर उंचीही लागत नाही. बसलेल्या अवस्थेतही तो जीव घेतो.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीचा दंडक घातला. तो आवश्यकच आहे, पण मेंदूतील रक्तस्राव ४८ तास थांबत नाही. इंग्लंडमध्ये नशेतील अटकेतल्या व्यक्तीला किमान दर अर्ध्या तासाने जागे करून, प्रश्न विचारून प्रतिसाद पाहण्याचा नियम आहे. गजाआडून नजर टाकणे म्हणजे तपासणी नव्हे, हे आपल्या लॉकअप गार्डला प्रात्यक्षिकासह शिकवणे कठीण नाही.

मृत्यू झालाच, तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी २००६ पासून बंधनकारक आहे. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. मात्र ते पोहोचण्याआधीच कोठडी धुतली गेली, उलटीचे डाग असलेली चादर हलवली गेली किंवा स्टेशन डायरीतील नोंदी मागाहून भरल्या गेल्या, तर चौकशीच्या हाती काय उरणार? जीव वाचवण्याचे प्रयत्न प्रथम, त्यात दुमत नाही. पण फास कापताना गाठ शाबूत ठेवावी, सीसीटीव्हीचे चित्रण तत्काळ सुरक्षित करावे आणि पंचनामा त्याच ठाण्यातील कर्मचाऱ्यांनी करू नये. शवविच्छेदनापूर्वीच ‘हृदयविकाराने मृत्यू’ असे सांगून टाकण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण निर्दोष कर्मचाऱ्यावरही त्यामुळे कायमचा संशय राहतो आणि नातेवाइकांना खरे कारण कधीच कळत नाही.

म्हणून गृह विभागाने हे प्रशिक्षण नाशिकच्या पोलीस अकादमीतील अधिकाऱ्यांपुरते न ठेवता रात्रपाळीच्या ठाणे अंमलदारापर्यंत आणि लॉकअप गार्डपर्यंत न्यावे, त्यात जिल्हा रुग्णालयातील न्यायवैद्यक डॉक्टरांना शिकवायला बोलवावे, आणि बेशुद्ध किंवा नीट जागा न होणाऱ्या आरोपीला वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता रुग्णालयात हलवण्याचा लेखी अधिकार ठाणे अंमलदाराला द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, सातारा