शाळा दिसते, पण पायी जाता येत नाही

मा. नगरविकासमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आमच्या खिडकीतून मुलीच्या शाळेचं मैदान दिसतं. मधल्या सुट्टीची घंटाही ऐकू येते. सरळ गेलं तर अंतर ३०० मीटरही भरणार नाही. पण मध्ये दोन संकुलांच्या सलग भिंती आहेत. त्यांना वळसा घालायचा तर दीड किलोमीटर, तोही सहापदरी रस्त्याच्या कडेने. म्हणून आम्ही तिला रोज गाडीने सोडतो. शेजारचेही तेच करतात. शाळेच्या दारातली कोंडी आम्हीच केलेली आहे, आणि रस्ता रुंद करून ती सुटायची नाही. भिंतीत पायवाटेपुरतं एक फाटक उघडलं, तर सुटेल.

इमारतीत किती गाड्या उभ्या राहिल्या पाहिजेत, हे आपले नियम बारकाईने सांगतात. एका मोटारीला, आत-बाहेर काढण्याच्या वाटेसकट, २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. एवढ्यात एखादं छोटं घर बसतं! त्या इमारतीतलं मूल पायी कुठवर पोहोचेल, हे मात्र कोणी विचारत नाही.

पायी पोहोचता येईल अशी वस्ती आखणं यात नवं काही नाही. अमेरिकी नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्येच वस्तीची कल्पना मांडली, ती शाळा मधोमध धरून. घरापासून चालत साधारण पाव मैल, दुकानं कोपऱ्यांवर, मोठे रस्ते वस्तीच्या बाहेरून. स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने १९९९ पासून शहराच्या मध्यभागातल्या मोटारी हटवत आणल्या. तिथे मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा मिळतो, पण त्यात दोन ठिकाणांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात ते लिहिलेलं असतं.

माझी आई ७४ वर्षांची आहे. हिरवा दिवा लागताच ती निघते, तरी दुभाजकाशी पोहोचेपर्यंत तो लाल होतो. मग दोन्हीकडून सुटलेल्या गाड्यांच्या मधे ती पिशवी छातीशी धरून उभी राहते. आता तिने बाहेर जाणंच सोडलंय. पलीकडच्या इमारतीतल्या मैत्रिणीशी ती फोनवर बोलते. मला याचं फार वाईट वाटतं. ओळखी जाता-येता होतात, आणि टिकतातही जाता-येताच.

आपल्याकडे मागणं एवढंच: मोठ्या संकुलांतून सर्वांसाठी पायवाट सक्तीची करा, पार्किंगची किमान अट काढा, घरांच्या तळमजल्यावर दुकानं-दवाखान्यांना मुभा द्या, आणि सिग्नलची वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीने ठरवा. सुरुवात आमच्या भिंतीपासून केलीत तर फाटकाच्या जागेसाठी मी सगळ्या रहिवाशांच्या सह्या आणून देईन.

आपली,
एक रहिवासी