रडार लेव्हल ट्रान्समीटरच्या चुकीच्या मॅपिंगबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय: कच्च्या सोयाबीन तेलाच्या टाकीवरील रडार ट्रान्समीटर चुकीची पातळी दाखवत असल्याबाबत

महोदय,

लातूर येथील आमच्या रिफायनरीत कच्च्या तेलाच्या १० मीटर उंच टाकीवर आपल्या कंपनीने बसवलेला २६ गिगाहर्ट्झचा रडार ट्रान्समीटर (वरून लाट सोडून तिच्या परतण्यावरून तेलाची पातळी मोजणारे उपकरण) वॉरंटीत आहे. तेल एका ठरावीक पातळीला आले की त्याचा आकडा गोठतो. मागच्या तक्रारीला आपल्याकडून ‘साइट कंडिशनमुळे होणारा फॉल्स इको, मॅपिंग करून दूर केला’ असे एका ओळीचे उत्तर आले. (फॉल्स इको म्हणजे तेलाऐवजी दुसऱ्याच वस्तूवरून परतलेली लाट; मॅपिंग म्हणजे असे इको नोंदवून उपकरणाला त्यांकडे दुर्लक्ष करायला लावणे.) ते आम्हाला मान्य नाही. दोष दूर झाला नसून वाढला आहे.

मूळ दोष शिडीचा. नोझल (ट्रान्समीटर बसवलेले टाकीवरचे तोंड) टाकीच्या भिंतीपासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आहे आणि आतली शिडी त्याच बाजूला आहे. आपल्या अँटेनाचा बीम साधारण १० अंशांचा, म्हणजे ४ मीटर खाली तो ७० सेंटिमीटर पसरतो आणि शिडीचे ब्रॅकेट त्यात येते. त्यात माल तेलाचा. पाण्याच्या पृष्ठभागावरून निम्म्याहून अधिक लाट परत येते. तेलाचा डायइलेक्ट्रिक (लाट किती परतेल हे ठरवणारा गुणांक) जेमतेम ३, त्यामुळे शंभरातले पाच-सात भागच परततात. अशा क्षीण इकोशेजारी लोखंडी ब्रॅकेटचा इको मोठा दिसणारच. टाकीचे ड्रॉइंग आपल्या विक्री विभागाला ऑर्डरआधीच दिले होते, शिडी त्यात स्पष्ट दाखवली आहे. तरीही आता दोष साइटवर ढकलला जातो, याचे वाईट वाटते.

खरी तक्रार मात्र मॅपिंगची आहे. आपले सर्व्हिस इंजिनिअर आले तेव्हा टाकीत ५.१ मीटर तेल होते, म्हणजे पृष्ठभाग अँटेनापासून ४.९ मीटरवर. त्यांनी मॅपिंगचे अंतर टाकले ६ मीटर. आमच्या तंत्रज्ञाने तिथल्या तिथे विचारले, ‘साहेब, तेल त्याच्या आत आहे, चालेल का?’ त्यावर ‘काही होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. मॅपिंग करताना समोर दिसणारा प्रत्येक इको ट्रान्समीटर खोटा म्हणून नोंदवून घेतो. शिडीबरोबर तेलाचा खरा इकोही त्या यादीत गेला. तेव्हापासून तेल ५.१ मीटरच्या आसपास पोचले की मीटरला ते दिसतच नाही. कधी पुढे गेल्यावर पुन्हा सापडते, कधी सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय आकडा हलत नाही. इको हरवला तर शेवटचा आकडा धरून ठेवायचा, हे सेटिंगही आपल्याच माणसाने केले आहे. नेहमीच्या ४ ते २० मिलिअँपिअरबाहेर, म्हणजे ३.६ वर किंवा २१ च्या वर सिग्नल गेला असता तर पीएलसीने (प्लांट चालवणाऱ्या नियंत्रण संगणकाने) लगेच अलार्म दिला असता. आता स्क्रीनवर हिरवा, शांत, खोटा आकडा असतो.

परवा रात्री टँकर खाली होत असताना हेच झाले. पंप चालू, आकडा ५.१. ऑपरेटरला शंका आली म्हणून तो भर पावसात टाकीवर चढला. वरच्या पत्र्यावर तेलाचा ओशट थर, एका हाताने कठडा धरलेला, बॅटरी दातांत, आणि दुसऱ्या हाताने डिप टेप सोडायची. टेपवर तेलाची रेघ ८ मीटरच्या वर निघाली. हाय लेव्हल अलार्म आपल्या प्रस्तावातल्या आराखड्याप्रमाणे याच सिग्नलवर जोडलेला आहे, त्यामुळे तोही गप्प होता. रात्री-अपरात्री कुणाला वर चढावे लागू नये म्हणून तर हे उपकरण घेतले. तो मुलगा घसरला असता तर आम्ही त्याच्या घरी काय सांगितले असते?

डिसेंबर २००५ मध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोलच्या टाकीचा गेज एका आकड्यावर अडकला, स्वतंत्र स्विचही चालला नाही, टाकी भरून वाहिली आणि स्फोटात ४३ जण जखमी झाले. तो गेज रडारचा नव्हता आणि आमच्या टाकीत पेट्रोल नाही, हे खरे. पण अडकलेला आकडा बरोबर समजून पंप चालू ठेवणे दोन्हीकडे सारखेच.

आमचे म्हणणे असे. सध्याचे मॅपिंग ताबडतोब पुसावे आणि इको हरवल्यास अलार्म येईल असे सेटिंग करावे. या दोन कामांसाठी टाकी रिकामी लागत नाही. त्यानंतर टाकी पूर्ण रिकामी असताना, आमच्या माणसासमोर नव्याने मॅपिंग करावे आणि आधीचा व नंतरचा इको कर्व्ह (परतलेल्या लाटांचा आलेख) सेव्ह करून आम्हाला द्यावा. तरीही ब्रॅकेटचा त्रास राहिला, तर ८० गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर आपल्या खर्चाने बदलून द्यावा. त्याचा बीम ३ अंशांच्या आसपास असतो, शिडी बरीचशी बाहेर राहते. ड्रॉइंग पाहून हाच पर्याय सुरुवातीला सुचवायला हवा होता. हाय लेव्हलसाठी वेगळा स्विच आम्ही आमच्या खर्चाने बसवत आहोत, त्याचे वायरिंग तपासून द्यावे.

टाकी रिकामी करायची तर उत्पादन विभागाला आठवडाभर आधी सांगावे लागते, म्हणून भेटीची तारीख लेखी कळवावी. तोपर्यंत या टाकीत रात्री टँकर खाली करणे आम्ही बंद ठेवले आहे.

आपला,
इन्स्ट्रुमेंटेशन विभागप्रमुख
तेल रिफायनरी, लातूर

सोबत: टाकीचे ड्रॉइंग, सर्व्हिस रिपोर्टची प्रत, त्या रात्रीच्या पातळीचा आलेख (ट्रेंड)