कोरियातला तट कसा चालावा

प्रिय बंड्या,

तुझी यादी मिळाली. पाच दिवस आणि सोलमधले पाचही राजवाडे! त्यातले तीन खोड. तू गडकोट पायाखाली घालणारा माणूस, तुला चौथ्या अंगणात कंटाळा येईल. दोन राजवाडे पुरेत. वाचलेला दिवस सोलजवळच्या सुवॉन शहराच्या तटाला दे.

आधी वारांचं बघ, कारण घोटाळा तिथेच होतो. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी. सुट्टीचा वार सरकारी सणावर आला, तर राजवाडा त्या दिवशी उघडा असतो आणि दुसऱ्या दिवशी बंद. छांगदोकगुंगच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं, ठरलेल्या वेळेचं आणि मोजक्याच माणसांना मिळतं. ते आधीच काढ, नाहीतर पुढचे चौक बघून परत फिरावं लागेल. गुगलच्या नकाशावर तिथे पायवाटा नीट मिळत नाहीत, म्हणून नेव्हर या कोरियन ॲपचा नकाशा फोनवर घेऊन ठेव.

ग्योंगबोकगुंग १३९५ चा, पण १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. १८६० च्या दशकात पुन्हा उभा राहिला, पुढे जपानी राजवटीत पुन्हा मोडला. म्हणजे तू पाहशील त्यातलं बरंच नवं काम आहे. तरी सिंहासनाच्या दालनापुढचं अंगण चुकवू नकोस. फरशी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तिच्यात बसवलेल्या लोखंडी कड्या कापडी छताचे दोर बांधायला. दुतर्फा लहान दगड रोवलेत, ते दरबाऱ्यांच्या हुद्द्यांचे: पूर्वेला मुलकी, पश्चिमेला लष्करी.

आता सुवॉन. सोलहून मेट्रोची एक नंबरची लाईन धर, तासाभराचा प्रवास. ह्वासोंग किल्ला राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधला. धान्याच्या पेटीत कोंडून मारलेल्या बापाची कबर त्याने आधीच सुवॉनजवळ हलवली होती, त्यापाठोपाठ हे शहर वसवलं. आराखडा जोंग याक-योंग या विद्वानाचा. अवजड दगड उचलायला कप्प्यांचं यंत्रही त्यानेच केलं. वेठबिगार नव्हती, मजुरी रोख. कामाचा हिशेब चित्रांसकट १८०१ मध्ये छापला गेला. कोरियन युद्धात तटाची दैना झाली, तेव्हा १९७० च्या दशकातली दुरुस्ती याच पोथीवरून झाली. आपल्याकडे एखाद्या गडाची अशी पोथी हाती असती तर!

तटाचा घेर पावणेसहा किलोमीटर. अडीच-तीन तास धर, बूट घसरणारे नकोत. सुरुवात दक्षिणेच्या पालदालमुनपासून कर (मुन म्हणजे दरवाजा). इथे तट तुटलेला आहे. दरवाजा भर रस्त्यात एकटा उभा आणि बाजूला बाजार, त्यामुळे बरेच जण वाट चुकतात. पश्चिमेच्या पायऱ्या शोध. चढण खडी आहे, म्हणून दम शाबूत असतानाच उरकायची. वर सोजांगदे, सेनापतीची टेहळणीची जागा. तिथून सगळं शहर दिसतं. मग उतरत पश्चिमेच्या ह्वासोमुनकडे. तट डाव्या हाताला ठेवलास की प्रदक्षिणा आपोआप बरोबर होते.

ह्वासोमुनशेजारचा बुरूज निवांत बघ. आपले बुरूज बहुधा भरीव. हा आतून पोकळ, विटांचा, मजल्यामजल्यावर जंग्या (मारा करायची भोकं). दरवाज्यापुढची अर्धगोल भिंत पाहून तुला गोमुखी (आपल्या गडांवरची दरवाजा लपवणारी वळणाची रचना) आठवेल. काम तेच, दरवाजा थेट माऱ्यात येऊ द्यायचा नाही. पण उत्तरेच्या जांगआनमुनला या भिंतीतलं दार दरवाज्याच्या अगदी समोर आहे, वळसा नाही. त्यावर पाच भोकं आहेत. शत्रूने दाराला आग लावली तर वरून पाणी ओतायला. दरवाज्यांजवळ बांधकाम करणाऱ्यांची नावं कोरलेली सापडतील. रायगडच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर एकटा आहे, इथे अख्खी यादी.

पुढे सात कमानींचं पाणदार (तटाखालून ओढा जाऊ देणारा दरवाजा) आणि त्याच्या उशाला बांगह्वासुर्युजोंग हा मंडप. संध्याकाळी तिथे गर्दी उसळते, सकाळी गेलास तर बरं. पूर्वेचा तट सपाट, तिथून भराभर ये. फक्त पाच धुराड्यांचा इशाऱ्याचा बुरूज बघ.

एक दिवस उरलाच तर दक्षिणेला सुनछ्योनजवळचं नागान उपसोंग हे तटबंद गाव. तटाचा घेर सुमारे १,४०० मीटर, आत गवताने शाकारलेली घरं आणि त्यांत अजून माणसं राहतात. भाताचा पेंढा दरवर्षी बदलावा लागतो, नाहीतर कुजतो. बंद दार लोटून आत डोकावू नकोस, तो कुणाचा तरी संसार आहे. सुनछ्योनहून तिकडे जाणाऱ्या बस कमी, तेव्हा परतीची वेळ उतरतानाच बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तिकिटं काढलीस की तारखा कळव. मंगळवार आडवा येतो का, ते मी बघतो.

तुझा,
आबा