माफी द्या, पण कारण लिहून द्या

महोदय,

२० जानेवारी २०२५ या एकाच दिवशी अमेरिकेत मावळते अध्यक्ष बायडेन यांनी आपल्या भावंडांना, त्यांच्यावर कसलाही खटला नसताना, आगाऊ माफी देऊन ठेवली. त्याच संध्याकाळी ट्रम्प यांनी संसद भवनावरील हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार जणांना माफ केले. तिथल्या राज्यघटनेत अध्यक्षांच्या हाताला बंधने दोनच. राज्यांच्या कायद्याखालचे गुन्हे माफ करता येत नाहीत आणि महाभियोगातून कोणाला सोडवता येत नाही. स्वतःलाच माफी देता येते का? येत नाही, असे त्यांच्याच न्याय खात्याने अध्यक्ष निक्सन यांच्या प्रकरणात १९७४ साली लिहून ठेवले आहे, पण न्यायालयात ते कधी तपासले गेलेले नाही.

यावरून अमेरिकेला नाके मुरडणे सोपे आहे. मात्र मुंबईकरांनी तरी ते जरा जपून करावे. ११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी कमांडर नानावटींना प्रेम आहुजा यांच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला. प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना असे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, आणि त्याच सुमारास आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही. मृत प्रेम आहुजा सिंधी होते, तेव्हा समाजाची नाराजी नको म्हणून हा तोल साधला, असे तेव्हापासून बोलले जाते. माफी कदाचित योग्यही असेल. पण साठ वर्षांनंतर लोकांच्या तोंडी राहिला आहे तो सौदाच.

आहुजांच्या बहिणीची लेखी संमती तेव्हा घेतली होती, असे सांगतात. म्हणजे ज्याचे माणूस गेले त्याला विचारावे, एवढे तरी कोणाला तरी सुचले होते! १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना सोडले, तेव्हा आपल्याला कोणी काही विचारलेसुद्धा नाही, असे बिल्किस यांनी सांगितले होते. खटला मुंबईत चालला होता, आणि इथल्या विशेष न्यायाधीशांनी सुटकेच्या विरोधात मत दिले होते. ती राष्ट्रपती-राज्यपालांची घटनात्मक माफी नव्हती, सरकारने कायद्याखाली दिलेली शिक्षेतली सूट होती, हे मान्य. तरी तो निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो रद्द केला आणि सगळ्यांना पुन्हा तुरुंगात धाडले.

राष्ट्रपती आणि राज्यपाल माफीचा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात, त्यामुळे आपल्याकडे खरी माफी फायलीत ठरते. आंध्र प्रदेशात राज्यपाल असताना आपल्या सुशीलकुमार शिंदे यांच्या सहीने खुनाच्या प्रकरणातील एका कैद्याची उरलेली शिक्षा माफ झाली होती. फाईल उघडल्यावर, हा काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता आहे, असा शेरा निघाला! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जात, धर्म, पक्षनिष्ठा पाहून माफी देता येणार नाही, हे त्या निकालाने पक्के केले.

आणि नेमका हाच न्यायालयाचा दरवाजा आता बंद होऊ घातला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातील) कलम ४७२ म्हणते की दयेच्या अर्जावर राष्ट्रपती वा राज्यपालांनी दिलेला निर्णय अंतिम असेल आणि तो कसा घेतला याची कोणत्याही न्यायालयात चौकशी होणार नाही. हे कलम फाशीच्या कैद्यांच्या अर्जांसाठी आहे. अर्ज किती दिवसांत करायचा, केंद्राने शिफारस किती दिवसांत करायची, हे त्यात बांधून दिले आहे. राष्ट्रपतींनी निर्णय कधीपर्यंत द्यायचा, ते मात्र नाही. न्यायालये हे चौकशीबंदीचे पोटकलम जसेच्या तसे मान्य करतील असे मला वाटत नाही, पण तोवर थांबायचे कशाला? संसदेने ते काढून टाकावे आणि माफी असो वा नकार, कारणांसह आदेश राजपत्रात छापण्याची सक्ती करावी. अर्जदाराला आणि पीडिताच्या कुटुंबाला त्याची प्रत त्याच दिवशी मिळावी.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई