पावडर कोटिंगवाल्या काकांना, गरीनं मासे धरणाऱ्या एका गरवणाऱ्याकडून

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. शिवाय रत्नागिरीपासून मालवणपर्यंत घरी जिग ओतणारे आणि रंगापाशी अडून बसलेले बरेच जण आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिग म्हणजे गरीच्या मानेवर ओतलेलं शिशाचं डोकं. त्यामागे रबरी मासोळी अडकवायची किंवा पिसं बांधायची आणि दगडांच्या कडेनं उड्या मारत ओढायची. तांबोशी, गोबरा असले दगडाआड दबा धरणारे मासे याला येतात. शिसं 327 अंशांना वितळतं, त्यामुळे उघड्या हवेत, साच्यात डोकी ओतणं फारसं कठीण नाही. रंग मात्र टिकत नाही. नेलपॉलिश लावा, ऑइल पेंट लावा, रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या दगडांवर चार वेळा आपटलं की टवका उडालाच. परदेशात यासाठी तापलेल्या धातूवर वितळून कोट होणारी खास रंगाची पावडर मिळते, पण ती दोन-दोन औंसांच्या डब्यांत. टपाल आणि कस्टम धरून हिशेब केला, तर तयार जिग विकत घेतलेली बरी.

एमआयडीसीत तुमच्या शेडमध्ये मी आलो तेव्हा हँगरवर खिडक्यांच्या ग्रिलची रांग लागलेली होती. तुम्ही विचारलंत, ‘किती माल आहे?’ मी खिशातून मूठभर जिग काढून टेबलावर ठेवल्या. दुसरा कोणी असता तर हसून वाटेला लावलं असतं. तुम्ही एक उचललीत, नखानं शिसं खरवडलंत आणि म्हणालात, ‘याला फवाऱ्याची गन कशाला? गरम कर आणि पावडरीत बुडव.’ आणि मग कपाटामागच्या खोक्यांकडे बोट दाखवलंत.

काका, त्या खोक्यांची किंमत तुम्हाला कळलेलीच नाही. पावडर तुमच्याकडे 20-25 किलोच्या खोक्यांत येते आणि एखाद्या रंगाची ऑर्डर संपली की तळाशी किलो-अर्धा किलो उरते. तेवढ्यावर एक गेटसुद्धा होत नाही, म्हणून ती पडून राहते. माझ्या जिगला लागते चिमूटभर. शंभर ग्रॅममध्ये शेकडो डोकी रंगतात. काळा, पांढरा, सिग्नलचा लाल, पिवळा हे चार रंग तुम्ही पिशव्यांत बांधून दिलेत आणि पैसे विचारले तर वजनकाट्याकडे बघून म्हणालात, ‘एवढ्याचं बिल कसं करू?’

पण खरे आभार पावडरीचे नाहीत. ती कुठूनही मिळाली असती. आभार आहेत ते पुढच्या तासाभराचे.

हीटगनवर, म्हणजे गरम हवेच्या झोतावर, शिसं तापवायचं, गरी नाही. गरीची धार आणि कस ज्योतीत जातो, हे तुम्ही मासेमारीशी काही संबंध नसताना केवळ लोखंड ओळखून सांगितलंत. दांडा चिमट्यात धरायचा, डोकं काही सेकंद तापवायचं, पावडरीत एकदाच फिरवून काढायचं आणि चिमट्यावर टिचकी मारायची. पावडर कोरडी, मळकट बसली तर तापमान कमी पडलं. पुन्हा जरा गरम हवा दिली की ती डोळ्यांदेखत वितळून चकाकते. जाड थर बसून खाली थेंब लोंबला तर जास्त तापलं. आणि डबीत पावडर दबून बसलेली नको. तुमच्या हँगरवरच्या मुलानं पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला खालून जाड कागद चिकटवला, त्याखाली माशांच्या टाकीतल्या पंपाची नळी जोडली आणि पावडर दुधासारखी वर येऊन हलायला लागली. त्यात डोकं बुडवलं की थर सगळीकडे सारखा. पातेलं-चमच्याचे माझे सगळे उद्योग तिथेच संपले. गरीचं दोरा ओवायचं भोक रंगानं बुजतं, ते भट्टीत घालायच्या आधी, कोट गरम असतानाच टाचणीनं मोकळं करायचं, हेही त्या मुलाचंच. त्यालाही धन्यवाद सांगा.

मग तुम्ही दोन जिग घेतल्यात. एक नुसती बुडवलेली, दुसरी तुमच्या ओव्हनमधून ग्रिलबरोबर फिरून आलेली. दिसायला दोन्ही सारख्याच, तशाच चकचकीत. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून दोन्हींवर घासलात. पहिलीचा लाल रंग कापसावर उतरला, दुसरीचा बोळा जवळजवळ पांढराच राहिला. पावडर वितळली म्हणजे काम झालं असं नाही, तिच्यातला रेझिन (राळ) उष्णतेनं आतून जोडला जावा लागतो, आणि त्यासाठीचा वेळ धातू तापल्यापासून मोजायचा, ओव्हनचं दार लावल्यापासून नाही. हे मला कुठल्याही व्हिडिओत इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. आता जुन्या ओटीजीत (घरगुती ओव्हनमध्ये) सायकलच्या स्पोकवर जिग टांगतो आणि 180 अंशांना 20 मिनिटं भाजतो. डायल काय म्हणते ते बघत नाही, आतला थर्मामीटर बघतो. तो ओटीजी स्वयंपाकघरात परत जाणार नाही, ही तुमची अट घरीही सर्वांना मान्य आहे. (शिसं टाळून बिस्मथ-कथलाची डोकी ओतणाऱ्यांनी हे आकडे उचलू नयेत. तो मिश्रधातू 140 अंशांच्या आतच वितळतो, भट्टीत गरी तेवढी टांगलेली राहील.)

तुमची एक गोष्ट मी मोडली, तेही मुद्दाम. रिकव्हरीची पावडर, म्हणजे पावडर फवारायच्या बूथच्या तळातून गोळा झालेली रंगांची भेसळ, तुम्ही म्हणालात टाकून दे. ती मी घरी आणली. पावडरीचे रंग पातळ रंगासारखे एकमेकांत मिसळत नाहीत, कण कणाशेजारी बसतो. त्यामुळे करड्या कोटावर काळे, पिवळे, विटकरी ठिपके उमटले. थेट कोळंबीची पाठ. भाट्याच्या खाडीत गढूळ पाणी असेल तेव्हा मी हीच जिग आधी लावतो. वेगवेगळ्या जातींच्या पावडरी एकत्र आल्या तर कोटावर खड्डे पडू शकतात, हे तुमचं खरं आहे. पडतातही काहींवर. माशांनी अजून तक्रार केलेली नाही.

आणि मास्क. तुमच्या शेडमध्ये मास्कशिवाय कोणी बूथपाशी दिसला तर तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. मलाही तो प्रसाद मिळाला. पावडर उडत असताना जवळ उघडी ज्योत नको, शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, हे तुम्ही चहा पुढे करतानाच सुनावलंत. आमच्यातले कितीतरी जण अजून शिशाचं वजन दातानं दाबून दोऱ्यावर बसवतात, त्यांना मी आता तुमच्याच आवाजात ओरडतो.

तांबोशी घेऊन येईन म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही श्रावण असल्याची आठवण करून दिलीत. आता श्रावण सरला आहे.

आपला नम्र,
मिऱ्याचा एक गरवणारा

ता. क. पिवळी पावडर पावसात दमट होऊन गोळे धरायला लागली होती. चहाच्या गाळणीतून चाळून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे. पोपटी शेड कधी उरली तर कळवा. या वेळी बिल करायचंच.